मोटार वरच का बसवत नाहीत? मुलींचे प्रश्न आणि यंत्राला लागणारे हात

कोयनेच्या पाणलोटात पाऊस वाढला की सांगलीच्या आसपास कृष्णाकाठी एकच धांदल उडते. पाणी चढायच्या आत नदीकाठच्या, शेताला पाणी उपसणाऱ्या मोटारी सोडवून, ट्रॅक्टरवर घालून घरी आणायच्या असतात. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका घरी अशीच चिखलाने माखलेली मोटार अंगणात उतरवली जात असताना चौथीतल्या मुलीने आजोबांना विचारले, “आबा, दरवर्षी काढायला लागती, तर मोटार वरच का बसवत नाही?” आबा म्हणाले, “तुला काय करायचंय त्यातलं? जा, आईला चहा टाकायला सांग.” पुढच्या पावसाळ्यात तिच्या धाकट्या भावाने जवळपास हाच प्रश्न विचारला. त्याला आबांनी खांद्याला धरून जवळ नेले, पाइपच्या टोकाला असलेला फूट व्हॉल्व्ह, ज्याला बऱ्याच गावांत सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात, तो हातात दिला आणि सांगितले, “लई वर बसवली की पाणी वढत न्हाई बघ.”

आबा मुलींचा दुस्वास करणारे नाहीत. नातीच्या शिष्यवृत्तीच्या निकालाचे पेढे त्यांनीच गल्लीभर वाटले होते. दोन उत्तरांतला फरक त्यांना स्वतःला जाणवलाही नसेल, आणि म्हणूनच तो नीट पाहण्यासारखा आहे.

फी माफ झाली, मग अडते कुठे?

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेऊन, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. तेव्हापासून प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी एक प्रश्न निघतो: आता तर पैशांचीही अडचण नाही, मग मुली यंत्रांच्या शाखांकडे का वळत नाहीत?

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘मुलींना विज्ञानाची आवड कमी’ असे असते, आणि ते चुकीचे आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात विज्ञान शाखेत २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे शिकत होते. म्हणजे विज्ञानात मुलीच जास्त होत्या. अभियांत्रिकीकडे वळले की चित्र उलटते आणि मुलींचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी भरतो. आयआयटींमध्ये तर तो इतका कमी होता की २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण कराव्या लागल्या.

तेव्हा पुस्तकातल्या विज्ञानाशी मुलींचे वैर नाही. गळती होते ती वस्तू उघडून पाहण्याच्या, बिघडवण्याच्या आणि पुन्हा जोडण्याच्या टप्प्यावर. तालुक्याच्या कोणत्याही विज्ञान प्रदर्शनात पाच मिनिटे उभे राहिले तरी हे दिसते: तक्त्यावरचे सुंदर अक्षर मुलीचे असते आणि मॉडेलच्या वायरी मुलाच्या हातात असतात. परीक्षक आले की मुलगी पाठ केलेली माहिती सांगते आणि मुलगा बटण दाबतो.

प्रश्न सारखेच, उत्तरे वेगळी

आबांच्या अंगणात घडले ते अन्यत्र मोजून पाहिले गेले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मुलांसाठीच्या संग्रहालयात आलेल्या कुटुंबांचे निरीक्षण केले होते. तिथली खेळती उपकरणे मुली आणि मुलगे दोघेही हाताळत होते. पण उपकरण कसे चालते याचे स्पष्टीकरण पालकांनी मुलग्यांना मुलींपेक्षा सुमारे तिप्पट वेळा दिले. त्यांत वडील होते तशा आयाही होत्या. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की पाच वर्षांच्या मुली ‘फार फार हुशार माणूस’ म्हटल्यावर स्वतःसारख्याच व्यक्तीकडे बोट दाखवतात, पण सहाव्या-सातव्या वर्षी हे प्रमाण घसरते आणि ‘हा खेळ फार हुशार मुलांसाठी आहे’ असे सांगितले की त्याच वयाच्या मुलींना त्या खेळात कमी रस वाटू लागतो.

हे अभ्यास अमेरिकेतले आहेत हे खरे, पण आपल्याकडे ओट्याजवळ आणि गोठ्याजवळ याहून फार वेगळे घडत असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ‘तुला काय आवडते ते घे’ असे आपण मोकळ्या मनाने म्हणतो, तेव्हा त्या आवडीची जडणघडण दहा वर्षे आधीच होऊन गेलेली असते.

पाणी ओढले जात नाही, ढकलले जाते

आधी त्या मुलीला तिचे उत्तर देऊ, कारण ते आबांना वाटते त्याहून अधिक गमतीचे आहे. मोटार पाणी ‘ओढते’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती ओढत नाही. शहाळ्यात नळी घालून आपण पितो तेव्हा तोंडाने फक्त नळीतली हवा कमी करतो. शहाळ्यातल्या पाण्यावर बाहेरची हवा दाब देत असते आणि तीच पाणी नळीतून वर ढकलते. नळीला वरच्या बाजूस टाचणीने भोक पाडले की कितीही जोर लावा, घोट मिळत नाही, कारण हवा त्या भोकातून आत शिरते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. ‘मोटारीने हवा धरली’ असे शेतकरी म्हणतात तेव्हा नेमके हेच झालेले असते, आणि सुरू करण्याआधी पंपात पाणी भरून हवा काढावी लागते तीही याचसाठी. भरलेले पाणी पुन्हा नदीत पळून जाऊ नये म्हणून खाली तो फुटबॉल असतो: आत येणाऱ्या पाण्याला वाट देणारे आणि परत जाणाऱ्याला अडवणारे एक साधे झाकण.

आता हवा किती जोराने ढकलू शकते? आपल्या डोक्यावर हवेचा कित्येक किलोमीटर जाडीचा थर आहे आणि त्याला वजन आहे. समुद्रसपाटीला नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर ते साधारण एक किलो भरते. यालाच वातावरणाचा दाब म्हणतात. या एक किलोला तोलून धरणारा पाण्याचा खांब किती उंच असेल? एक किलो पाणी म्हणजे १,००० घन सेंटिमीटर. तळ एक चौरस सेंटिमीटरचा असेल तर खांब १,००० सेंटिमीटरचा, म्हणजे दहा मीटरचा. एवढेच गणित आहे. मोटार पाच अश्वशक्तीची असो वा पन्नास, पंप पाण्यापासून दहा मीटरपेक्षा उंच बसवला तर पाणी त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही, कारण ढकलणारी हवा तीच आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने इथे ही मर्यादा किंचित कमी भरते, आणि पाइपमधले घर्षण, वळणे, फुटबॉलचा अडथळा धरला तर व्यवहारात सहा-सात मीटरच हाती उरतात.

इटलीतल्या पंप बनवणाऱ्या कारागिरांना ही मर्यादा चारशे वर्षांपूर्वी अनुभवाने ठाऊक होती. कारण मात्र कळत नव्हते. ते १६४३ च्या सुमारास टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने पारा भरलेल्या नळीने दाखवून दिले. चौथीतल्या मुलीचा प्रश्न हा असा प्रतिष्ठित प्रश्न होता.

एकदा पाणी पंपात शिरले की पुढे वर फेकण्याला ही मर्यादा नाही. तिथे मोटारीचा जोर चालतो. म्हणूनच म्हैसाळ योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पार जतच्या दुष्काळी भागाकडे नेता येते. अडचण फक्त खालच्या बाजूची आहे, आणि कृष्णा तिथेच खोडी काढते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. उन्हाळ्यातली पातळी आणि महापुराची पातळी यांत दहा मीटरपेक्षा जास्त अंतर पडते. म्हणजे मोटार पुरापासून सुरक्षित उंचीवर बसवली तर एप्रिलमध्ये पाणी येणार नाही, आणि एप्रिलमध्ये पाणी मिळेल अशी बसवली तर पुरात बुडणार.

विज्ञान इथे संपते, अभियांत्रिकी इथे सुरू होते

‘असे का होते’ हे शोधणे म्हणजे विज्ञान, आणि ‘हे असेच आहे तर मग आपण काय करायचे, किती खर्चात, किती वर्षे टिकेल असे’ हे ठरवणे म्हणजे अभियांत्रिकी. निसर्गाची अट बदलत नाही. तिच्याशी तडजोड कशी करायची एवढेच आपल्या हाती असते. मोटारीच्या बाबतीत अशा तडजोडी अनेक आहेत. गावांच्या नळपाणी योजना नदीकाठी जॅकवेल बांधतात: खोल विहिरीत नदीचे पाणी खालून येते, पंप पाण्यात राहतो, मोटार उंच मजल्यावर बसते आणि दोघांना एक लांब दांडा जोडतो. हे उत्तम आहे, पण एका शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारे नाही. पाण्यात बुडूनच चालणारी पाणबुडी मोटार विहिरीत छान चालते. नदीत तिला गाळाचा त्रास होतो आणि पुराच्या ओढीत ती वाहून जाण्याचे भय असते. तरंगत्या तराफ्यावर पंप ठेवला तर तो पाण्याबरोबर वरखाली होईल, पण मग त्याची दोरी, केबल आणि वाहत येणारी झाडे यांचा बंदोबस्त करावा लागेल. या सगळ्याचा हिशेब केल्यावर, वर्षातून एकदा चार माणसे लावून मोटार काढणे हेच बहुतेकांना स्वस्त पडते. आबांनी हा हिशेब कधी कागदावर मांडला नसेल, पण केलेला आहे. तोच नातीसमोर मोठ्याने केला असता तर ती अभियांत्रिकीचा पहिला तास शिकली असती, आणि कदाचित त्या हिशेबात एखादी चूकही काढली असती.

थक्क होणे पुरेसे नसते

येथे एक सावधगिरी हवी. मुलींना विज्ञानाची गोडी लावायची म्हणून फुगे फोडणारे, धूर काढणारे प्रयोग दाखवण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल मला फारसा उत्साह नाही. जादू पाहून माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. आश्चर्याला हात लावता आला पाहिजे, आणि त्यातली एक गोष्ट बदलून पुन्हा पाहता आली पाहिजे.

सांगलीच्या हळदीचेच घ्या. पांढऱ्या कापडावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लालभडक होतो, हे प्रत्येक मुलीने पाहिलेले असते, आणि ‘असे होतेच’ म्हणून सोडून दिलेले असते. हळदीतला पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्याला कुर्क्युमिन म्हणतात. हे द्रव्य आंबट पदार्थांच्या, म्हणजे आम्लांच्या संगतीत पिवळे राहते आणि साबण, सोडा, चुना अशा हाताला बुळबुळीत लागणाऱ्या पदार्थांच्या, म्हणजे आम्लारींच्या संगतीत लाल होते. समोरचा पदार्थ कोणत्या जातीचा आहे हे रंग बदलून सांगणाऱ्या अशा द्रव्याला शाळेच्या पुस्तकात ‘दर्शक’ म्हणतात. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच लाल होते ते याच गुणामुळे.

आता मुलीच्या हातात हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या द्याव्यात आणि थांबावे. ती लिंबू, दही, खायचा सोडा, धुण्याची पावडर, विहिरीचे पाणी असे एकेक थेंब टाकून पाहील. खायच्या सोड्याने तांबूस छटा येते आणि धुण्याच्या सोड्याने गडद लाल. असे का, हा प्रश्न तिचा तिला पडू द्यावा. लाल पट्टीवर लिंबू पिळले तर काय होईल हे आधी लिहून ठेवायला सांगावे आणि मग पिळायला. अंदाज लिहून मग पाहणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, आणि अंदाज चुकला तर वही न खोडणे, या तीन सवयींत बरीचशी प्रयोगशाळा येते. मग तोच डाग उन्हात वाळत घातल्यावर फिका का पडतो, याचा शोध ती आपणहून सुरू करते: अर्धा डाग पुठ्ठ्याने झाकून आणि अर्धा उघडा ठेवून. उन्हातल्या प्रकाशाने कुर्क्युमिनचे विघटन होते, हे उत्तर तिला मागाहून कळले तरी बिघडत नाही.

पण गणिताचे काय?

‘हे सगळे ठीक, पण पुढे गणित येते आणि मुली तिथे बिचकतात’ असे अनेक शिक्षकही सांगतात. गणिताची भीती बहुधा अशा आकड्यांतून येते ज्यांचा आपल्याशी संबंध नसतो. आपल्याकडे मात्र पावसाळ्यात लहान मूलही टीएमसी आणि क्युसेक हे शब्द बोलते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर; दोन बादल्या म्हणा. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. आता सातवीच्या मुलीला विचारावे: धरणातून किती क्युसेक पाणी दिवसभर सोडले तर एक टीएमसी कमी होईल? दिवसाचे ८६,४०० सेकंद. शंभर कोटीला त्याने भागले की साधारण ११,५७४ येतात. म्हणजे ‘एक लाख क्युसेक विसर्ग’ ही बातमी वाचल्यावर तिला कळते की दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी सुटते आहे. हा भागाकार आहे, आणि आपल्या घरात पाणी येईल की नाही याच्याशी त्याचा संबंध आहे. ज्यांनी २०१९ मध्ये माळ्यावर भांडी चढवली त्या घरांतल्या मुलींना या उदाहरणाची गोडी वेगळी लावावी लागत नाही.

म्हणजे पुन्हा स्वयंपाकघरच?

सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे: मुलींना हळद, कुकर आणि डाग यांतून विज्ञान शिकवणे म्हणजे त्यांना फिरून ओट्याशीच उभे करणे नव्हे काय? हा धोका खरा आहे. मुलीला हळद आणि मुलाला मोटार अशी वाटणी झाली तर काहीच बदलले नाही. म्हणून हळदीच्या पट्ट्या भावानेही कराव्यात, आणि फुटबॉल बहिणीनेही उघडावा. पण स्वयंपाकघर कमी प्रतीचे म्हणून टाळणेही मला पटत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्या अडून बसल्या, अटींवर प्रवेश मिळवला, आणि पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम-सी’ हे श्वसनाला लागणारे द्रव्य असते हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. भारतात परतल्यावर त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. बटाटा, डाळ आणि नीरा या वस्तू कोणत्याही घरातल्या आहेत. त्यांना विचारलेला प्रश्न मात्र घरातला राहिला नाही.

विजेशी खेळ नको

हे अगदी बरोबर आहे, आणि ते मुलग्यांनाही तितकेच लागू आहे. मोटारीच्या थ्री-फेज, म्हणजे तीन तारांतून येणाऱ्या विजेच्या, स्टार्टरला कोणत्याच मुलाने हात लावू नये. पण दीड व्होल्टचा सेल, बंद पडलेला टॉर्च, वायर कापून टाकलेला जुना मिक्सर, सायकलची चेन, हवा भरायचा पंप यांत जिवाला धोका नाही. फार तर हात काळे होतात. मुलीचे हात ग्रीसने काळे झाले की घरातले कोणीतरी हटकून बोलते, आणि मुलाचे झाले की ‘आमचा इंजिनिअर’ म्हणते. यावर मोठा उपाय काही नाही. ते वाक्य गिळायचे एवढेच.

मार्क वाढतील का?

वाढतीलच असे नाही. हळदीच्या पट्ट्यांनी सीईटीचा गुणांक चढत नाही आणि असे आमिष कोणी दाखवले तर विश्वास ठेवू नये. मार्क हे सरावाने येतात. फरक पडतो तो अर्ज भरताना: मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल हा शब्द वाचून तिला एखादी ओळखीची वस्तू आठवते की नुसते परके नाव दिसते, एवढ्यावर पसंतीक्रमाची एक ओळ वर किंवा खाली जाते.

आपल्यालाच उत्तर येत नसेल तर?

बहुतेक पालक येथे थबकतात, आणि ‘तुला काय करायचंय’ या वाक्यामागे पुष्कळदा ‘मला माहीत नाही’ हेच लपलेले असते. पण प्रत्येक गावात उत्तरे असलेली माणसे आहेत, आणि त्यांतली फार थोडी शाळेत नोकरीला आहेत. गुऱ्हाळावरचा गुळव्या भेंडीचे पाणी घालून रसातली मळी वर कशी आणतो आणि काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का हे का पाहतो, ते विचारले तर सांगतो. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर द्राक्षे वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात का बुडवतात, हे तिथल्या बायका रोज करतात. सालीवरचा मेणासारखा थर सैल होऊन आतले पाणी लवकर निघावे म्हणून ते असते. मोटार रिवाइंडिंगचे दुकान तर जवळपास प्रत्येक बाजारगावात आहे. पुढच्या वेळी जळालेली मोटार तिथे न्यायची असेल तेव्हा मुलीलाही गाडीवर मागे बसवावे. कारागीर काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारांचा गुंता बाहेर काढतो, तेव्हा तीनपैकी एकच फेज गेल्यावर मोटार गुरगुरत का राहते आणि उरलेल्या दोन का जळतात, हे तिने त्यालाच विचारावे, आणि तो उत्तर देताना आपल्याकडे पाहू लागला तर आपण किंचित बाजूला सरकावे.